अक्काचं कडू सरबत

माझ्या आईचं सरबत जिनं चोरलं, तिला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

चोरणारी म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला आम्ही अक्का म्हणतो. सोलापुरात आमचं घर एक, स्वयंपाकघरही एकच. चैत्रातलं हळदीकुंकू थोरलीच्या नावानं होतं आणि राबते धाकटी. गल्लीत सगळीकडं त्या दिवशी पन्हं देतात. आमच्याकडं मात्र मी लग्न होऊन आल्यापासून पुदिन्याचं लिंबूसरबत असतं, कारण मंगळवेढ्याला माझी आई तेच करायची. मोरीच्या सांडपाण्यावर तिनं पुदिना जगवला होता. तिथं प्यायच्या पाण्याचे हाल, पण तो पुदिना कधी सुकला नाही.

तिची रीत ठरलेली. पुदिना पाट्यावर खडीसाखर नि मिठाबरोबर हलक्या हातानं चेचायचा. तुळशीची चार पानं, आल्याचा तुकडा. माठाच्या पाण्यात कालवून फडक्यानं गाळायचं, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. आणि लिंबू अगदी शेवटाला, बाई दारात आली की मग. पिळताना साल चुरगळली तर आई हातावर चापट मारायची. मी लई चापटा खाल्ल्यात.

आई थंडीत गेली. पुढच्याच चैत्रात मी सरबत केलं, डोळे पुसत पुसत केलं. अक्का ट्रे घेऊन बाहेर गेली, मी आत लिंबं पिळत होते. बायका वाहवा करत होत्या. शेजारच्या मावशींनी विचारलं, इतकी वर्सं पितोय, कुणाच्या हातचं हाय गं. मावशी विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलतात, पण मराठीत कुणाला हार जायच्या नाहीत. अक्का म्हणाली, "माझ्याच. माझ्या आईची रीत हाय, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत न्हाई."

माझ्या हातात अर्धं लिंबू तसंच राहिलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माझं नाव नेलं असतं तर एक वेळ सोसलं असतं, नाहीतरी या घरात माझं नाव कोण घेतं? पण आईचं माझ्याकडं तेवढंच उरलं होतं, आणि ते हिनं उचलून स्वतःच्या आईला देऊन टाकलं. अंगाचा तिळपापड झाला. तरी मी वर्षभर ब्र काढला नाही.

यंदा आमंत्रण द्यायला आम्ही दोघी जावा मावशींकडं गेलो. मावशींनी सरबताची आठवण काढली. मी लगेच म्हटलं, यंदा सगळं अक्काच करणार, त्यांच्या आईची रीत, माझा हात लागून बिघडायला नको. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मावशींसमोर नाही म्हणायची सोय नव्हती.

मी सरबत करताना तिनं कधी नीट बघितलेलंच नव्हतं. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी तिनं मोबाईलवर कसला तरी व्हिडिओ लावला. पुदिना मिक्सरमध्ये, आणि त्याच्यावर लिंबाच्या फोडी सालीसकट, बियांसकट. गर्रकन फिरवलं, साखर ओतली, मोठा हंडा भरला. वेळ किती वाचला, म्हणाली. मग वाटीत घेऊन माझ्यापुढं धरली, कसं झालंय बघ.

मी चाखलं. छान झालं होतं, खोटं कशाला बोलू? सालीचा कडवटपणा लगेच कळत नाही, तासा-दोन तासांनी उतरतो. सोलापूरच्या उन्हात तर संध्याकाळपर्यंत काय होणार, हे मला त्या घोटातच कळलं होतं. मी म्हटलं, छान झालंय अक्का. ती खूश झाली. मीही झाले.

संध्याकाळी अंगण भरलं. मी आत ओटीचे हरभरे काढत होते, कान बाहेर. पहिला पेला मावशींनाच. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. दुसरी बाई खोकली. एकीनं तुळशीत ओतलं. कडू जहर. अक्का घाईनं म्हणाली, धाकटीनं हात लावला असंल.

मावशी तिथल्या तिथं म्हणाल्या, "आगं, तूच म्हणालीस की, दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई."

बाहेर कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं तिच्यासाठी.

अक्का आत आली ती रडवेली होऊन. मी ओट्याला टेकून पीत होते. सकाळी तिचा मिक्सर थांबल्यावर मी पाटा घेतला होता, तांब्याभर केलं होतं आणि आईच्या फोटोपुढं आधी पेला ठेवला होता. लिंबू आत्ता पिळलं होतं. वास तिला आला. तिनं तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आणि हाय का? बायकांपुरतं तरी दे की," ती म्हणाली.

"हाय की. पण हे माझ्या आईचं हाय, अक्का. तुमच्या आईचं बाहेर हंड्यात हाय."

आणि राहिलेलं सरबत मी तिच्यासमोर, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.