विरोध गटावर, अर्ज ऑफिसात

"गुरुजी, तुमचीच जाहिरात तुम्हीच नाकारलीत?" शिंदे साहेबांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला.

पडद्यावर माझी मेल होती आणि तिच्याखाली मीच पाठवलेले उत्तर: 'आपला मजकूर गटाच्या विषयाशी संबंधित नसल्यामुळे प्रसारित करता येत नाही. क्षमस्व. मॉडरेटर.' साहेबांना माहितीसाठी प्रत दिली होती.

थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पंपांचे कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या सांगलीतील एका कारखान्यात मी एचआर मॅनेजर आहे. त्यापूर्वी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून इथे साहेबांपासून शिपायापर्यंत सर्व जण गुरुजीच म्हणतात. जुने रेडिओ दुरुस्त करणे हा माझा छंद. सातारा-सांगलीकडील अशा छांदिष्टांचा एक ईमेल गट आहे. एका पत्त्यावर मेल पाठवली की ती सर्व सभासदांना पोचते. मात्र आधी मॉडरेटर ती वाचून मंजूर करतो. मॉडरेटर मी. व्हॉट्सअ‍ॅप आम्ही टाळले, कारण तिथे सर्किटच्या आकृतीआधी गुलाबाची फुले येतात. गटाचा नियम एकच: रेडिओखेरीज काही नको.

अडचण अशी होती की टेस्टिंगची जागा रिकामी होती. तयार पॅनेल ग्राहकाकडे जाण्यापूर्वी तपासणे म्हणजे टेस्टिंग. वर्तमानपत्रातील जाहिरातीने योग्य माणूस मिळाला नाही. महिनाअखेरपर्यंत जागा भरली नाही तर ती रद्द होईल, असे हेड ऑफिसने कळवले होते. म्हणून एचआर या नात्याने मी जाहिरात आमच्या गटाला पाठवली आणि मॉडरेटर या नात्याने नाकारली.

"नियम कुणी केला?" साहेबांनी विचारले.

"मी."

"मग बदला."

"सभासदांचे मत घ्यावे लागेल."

"घ्या. पण जागा गेली, तर टेस्टिंगला मी तुम्हालाच उभं करणार."

मी त्याच दिवशी गटाला प्रश्न पाठवला: नोकरीच्या जाहिराती आपल्या गटावर असाव्यात का? उदाहरण दिल्याशिवाय प्रश्न विचारू नये, ही माझी शाळेतील सवय. म्हणून उदाहरणादाखल आमच्या जागेचे वर्णन दिले. उदाहरण अपुरे राहू नये, म्हणून ऑफिसचा ईमेल पत्ताही दिला.

पहिले उत्तर कोरेगावच्या जाधवांचे आले. ते सैन्याच्या सिग्नल विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. 'गुरुजी, आज नोकरी आली. उद्या लग्नाची स्थळं येतील, परवा कुणी म्हस विकाय काढंल. मग रेडिओ कुठं ठेवायचा? कडक विरोध.'

पाठोपाठ आटपाडीचे देवकर. त्यांचे मिक्सर-पंखे दुरुस्तीचे दुकान आहे. 'सुभेदारांशी लय सहमत. छंदात पोटाचा विषय आणू नये.'

विश्रामबागच्या नसरीन मुल्ला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होत्या. म्हणजे जितके तास शिकवायचे, तितक्यांचेच मानधन. यंदा त्यांना तासच मिळाले नव्हते आणि घर त्यांच्यावर चालत होते. त्यांनी लिहिले: 'या जागेसाठी मी अर्ज करणार आहे. त्यामुळे मत देणे योग्य होणार नाही.'

बहुमत विरोधात गेले. नियम कायम राहिल्याचे मी गटाला कळवले आणि मग ऑफिसची मेल उघडली.

नसरीनबाईंचा अर्ज होता. देवकरांचा होता, शेवटी विनंती होती, 'गटावर वाच्यता नसावी.' जाधवांचाही होता, गणवेशातील फोटोसह. तो त्यांच्या कडक विरोधाच्या आधी निघाला होता.

मॉडरेटर म्हणून मला एचआरला काही सांगता येत नव्हते आणि एचआर म्हणून गटाला. दोन्ही पदे माझीच असल्यामुळे मी गप्प राहिलो.

आमच्याकडे मुलाखतीला सर्व उमेदवारांना एकाच वेळी बोलावतात. ही पद्धत बदलण्याचे मला काही कारण दिसले नाही. ठरल्या वेळी रिसेप्शनवर गेलो, तर तिघेही एकाच सोफ्यावर बसलेले.

"आवं देवकर, तुमी हितं कसं?" जाधव विचारत होते.

"दाताच्या डॉक्टरकडं आलतो. म्हटलं जाता जाता गुरुजींस्नी भेटावं. आन तुमी?"

"मी बी गुरुजींस्नीच."

"इस्त्रीचा शर्ट घालून? बगलंत फाईल घिऊन?"

"रेडिओची आकृती हाय तीत."

"बघू की काका," नसरीनबाई म्हणाल्या.

जाधवांनी फाईल घट्ट धरली. "नाजूक कागद हाय."

"माझ्या फाईलमध्ये बायोडेटा आहे. तो मात्र मजबूत आहे."

देवकर छताकडे पाहू लागले.

साहेबांनी तिघांना मिळून एक नादुरुस्त पॅनेल दाखवले. त्याची वीज त्यांनी वरच्या मजल्यावरून आधीच तोडून ठेवली होती. हे उमेदवारांना ठाऊक नव्हते. पॅनेल दिसताच दाताचा डॉक्टर आणि नाजूक कागद दोन्ही विसरले गेले.

"रिले गेलाय ह्यो," जाधव आत हात घालून विजेवर चालणारा तो छोटा स्विच चाचपत म्हणाले.

"न्हाई गड्या, वायर सुटलीया कुठं तरी. सरका जरा."

"तुमी मिक्सर बघा वो!"

"काका, दोघांनी हात बाहेर काढा," नसरीनबाईंचा वर्गात वापरायचा आवाज आला. दोघांनीही मुकाट्याने काढले. बाईंनी मेन स्विच बंद केला, त्यावर 'काम चालू आहे' ही पाटी अडकवली आणि मीटर लावून कपॅसिटर पाहिला. कपॅसिटर वीज साठवून ठेवतो; मेन बंद केल्यानंतरही तो झटका देऊ शकतो. "हां, आता भांडा."

वायरच सुटलेली निघाली. देवकर जिंकले.

"दोष तर देवकरांनी सांगितला," मी साहेबांना आठवण करून दिली.

"दोष उद्याही सापडला असता," साहेब म्हणाले. "टेस्टिंगला आधी माणूस जिवंत राहायला हवा. बाईंना पत्र द्या."

नसरीनबाई महिना संपण्यापूर्वी रुजू झाल्या. इतर दोघांनी चहा घेतला आणि परतीच्या वाटेवर एकमेकांना काही विचारायचे नाही, असे ठरवले.

या प्रकरणातून मी एवढेच शिकलो की सभासदांचे मत एका पत्त्यावर येते आणि त्यांची गरज दुसऱ्यावर. निर्णयापूर्वी दोन्हीकडे पाहावे. म्हणून मी गटापुढे नवी सूचना ठेवली: जाहिराती महिन्यातून एकदा एकत्र पाठवाव्यात, आणि कोणी विरोध केल्यास आपण अर्ज केला आहे किंवा नाही, हे त्याने त्याच मेलमध्ये लिहावे. एकही विरोध आला नाही.

जाधवांनी तर गटासाठी सविस्तर मेल लिहिली: 'पूर्ण पाठिंबा. आन गुरुजी, पुढची जागा निघाली की आधी मला एकट्याला कळवा.'

मी ती नाकारली. विषयाशी संबंधित नव्हती.