अक्काच्या खुर्चीचं लेबल

माझ्या फजित्या बिदरातल्या अख्ख्या मैलूरला पाठ आहेत. लग्नाच्या हॉलवर इन्व्हर्टरच्या तारा उलट्या जोडून ऐन अक्षता पडताना अंधार केला, तो मीच. सासऱ्यांना आणायला भालकीच्या स्टँडवर गेलो आणि दुसऱ्याच म्हाताऱ्याला गाडीवर बसवून घरी घेऊन आलो, तोही मीच. हे सगळं मी लोकांना स्वतः चहा पाजून सांगतो. एक तेवढी सांगितली नाही. बायकोला नाही, पोराला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा तेवढा विषय टाळूनच जोडतो. आज कामून सांगायलो, ते विचारू नका. थकलोय, एवढंच. लपवायलाही ताकद लागते हो — कोण बसलंय, कोण ऐकतंय, दरवेळी बघून बोलावं लागतं.

नौबादला माझं बॅटरीचं दुकान आहे. ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची, आता ई-रिक्षाची. त्यामुळं बॅटरीचं काही असलं की लोक मला विचारतात, आणि मला माहीत नसलं तरी मी उत्तर देतो. नाही म्हणायची सवयच नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं ना.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. तिचे दोन्ही खुबे गेले. दोन वर्षं तिला संडासला न्यायलासुद्धा दोघं लागायचे. जिनं उभ्या घराला धाकात ठेवलं, तिला कुणीतरी काखेत हात घालून उचलायचं — ती तोंड भिंतीकडं करून घ्यायची. मग तिच्या जावयानं, शिवराजनं, हैदराबादहून बॅटरीवर चालणारी खुर्ची आणून दिली. पहिल्याच दिवशी अक्कानं अंगणात तीन फेऱ्या मारल्या, तुळशीशेजारची कुंडी फोडली आणि म्हणाली, "आता मला कुणाच्या बापाची गरज न्हाई."

मला फार बरं वाटलं. — खोटं. मला टोचलं. मी सख्खा भाऊ, त्यात बॅटरीवाला, आणि ही खुर्ची मला सुचली नाही. जावयाला सुचली.

हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं नुसत्या विसरभोळेपणात ढकलता येणार नाही.

त्याच वर्षी बेंगळुरूला माझ्या पोराला मुलगी झाली. नाव ठेवायला आत्या लागते. माझ्या पोराला बहीण नाही. मग आत्या कोण? तर बापाची आत्या, माझी अक्का. तिनं नाव मनात ठरवलं होतं, कुणाला सांगत नव्हती. म्हणायची, लेकराच्या कानात आधी, मग तुमच्या. पण रेल्वेच्या डब्यात चढवायला चार माणसं लागणार, ते तिला नको होतं. एवढ्या लांब मोटारीत बसणं तर शक्यच नव्हतं. आपल्या बिदरहून विमान होतं त्या दिवसांत. तिची अट एकच — "माझी खुर्ची संगं असंल तरच येते. तिथं जाऊन पुन्हा लोकांच्या हातावर जगायचं न्हाई."

शिवराज मला म्हणाला, "मामा, विमानकंपनीला फोन करून विचारू का, खुर्ची चालती का म्हणून?"

"बॅटरीचं मला शिकवता का जावई?" मी म्हणालो. "मी केलीय चौकशी."

केली नव्हती. त्या संध्याकाळी दुकानात बसून मोबाइलवर नियम उघडले. लिहिलं होतं, बॅटरीवर चालणारी स्वतःची वाहनं — स्कूटर, एकचाकी, पायाखालची सरकती फळी — विमानात चालणार नाहीत. त्याखाली बॅटरीच्या ताकदीची मर्यादा. मी खुर्चीच्या बॅटरीचं लेबल बघितलं. आकडा मर्यादेच्या बराच वर. त्या पानावर खाली अजून बरंच काही होतं. बोट सरकवायचं तेवढं बाकी होतं. सरकवलं का? नाही. आता फोन करून विचारलं तर आधी खोटं बोललो होतो हे उघडं पडलं असतं. आणि जावयाचंच खरं झालं असतं.

मग मी काय केलं? आमच्या धंद्यात जुन्या बॅटरीचं लेबल काढायची एक रीत आहे. चांगल्या दुकानदारांना ती माहीत असते आणि ते ती वापरत नाहीत. ड्रायरनं लेबल गरम करायचं, कोपऱ्यातून ब्लेड घालून सोलायचं, डिंक थिनरनं पुसायचा. आकडाच नसला तर हरकत कोण घेणार? — हे माझं गणित. काम इतकं सफाईदार झालं की मी बॅटरी उजेडात फिरवून फिरवून बघितली. स्वतःवर खूश होतो हो मी, काय सांगू.

सकाळी शिवराजनंच आम्हाला गाडीतून विमानतळावर सोडलं. अक्का नव्या साडीत, मांडीवर लेकराच्या कुंची-झबल्याची पिशवी. तिला बाजूला थांबवून मी काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीनं बॅटरी काढायला लावली, उलटीपालटी केली. लेबल कुठं आहे, तिनं हिंदीत विचारलं. नसतंच याला, मी म्हणालो. ती आत जाऊन साहेबांना विचारून आली. आणि अगदी नम्रपणे म्हणाली — तिचा तो नम्रपणा मला अजून सोसत नाही — अंकल, चालता न येणाऱ्यांच्या खुर्चीचा नियम वेगळा असतो, मर्यादाही मोठी असते. अशा खुर्च्या आमच्याकडून जातात. पण लेबल नसलेली बॅटरी किती ताकदीची आहे, हे आम्ही कशावरून ठरवायचं? आजींना आमच्या साध्या खुर्चीवरून नेऊ, त्यांची खुर्ची मात्र बॅटरीशिवाय न्यावी लागेल.

म्हणजे लेबल तसंच राहू दिलं असतं तर अक्का गेली असती.

काउंटरपासून अक्कापर्यंत वीसेक पावलं असतील. तेवढ्यात खरं बोलायचं ठरवता आलं असतं. ती मला काय करणार होती? दोन शिव्या दिल्या असत्या. लहानपणी यापेक्षा जास्त खाल्ल्यात तिच्या हातच्या.

"काय म्हणायलीय ती पोरगी?" अक्कानं विचारलं.

"शिवराजनं डुप्लिकेट माल दिलाय अक्का. बॅटरीला लेबलच न्हाई. विमानवाले घेत न्हाईत."

तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "व्हय? तरी म्हणलं, जावई एवढा उदार कामून झालाय."

साध्या खुर्चीवरून यायला ती तयार झाली नाही. फोनवरून लेकराच्या कानात सांग म्हणालो, तर म्हणाली, फोनचा कान नगो मला. "तू जा. लेकराचं तोंड बघ." पिशवी माझ्या हातात दिली. बाहेर शिवराज थांबलाच होता. त्याच्याच गाडीतून ती परत गेली, आणि वाटेत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, हे मला नंतर कळलं. आणि मी? मी विमानात बसलो. खिडकीची जागा मिळाली होती. बारशाला शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी नाव ठेवलं. नाव चांगलं आहे. अक्कानं कोणतं ठरवलं होतं, ते तिनं आजपर्यंत सांगितलेलं नाही.

आठवड्यानं शिवराज दुकानात आला. मोबाइलमध्ये खुर्ची घेतली त्या दिवशीचा फोटो होता. त्यात बॅटरी, बॅटरीवर लेबल, स्वच्छ.

"लेबल होतं की हो मामा."

"हलक्या डिंकाचं असंल. पडलं असंल कुठं," मी म्हणालो.

त्यानं कपाटातल्या थिनरच्या बाटलीकडं बघितलं की मला तसं वाटलं, माहीत नाही. मोबाइल खिशात घातला आणि गेला. कुणाला काही बोलला नाही. सासू चारचौघींत "जावयानं फसवलं" म्हणायची, तेव्हाही नाही. रेखा, अक्काची लेक, आईशी यावरून भांडली. दोन पंचम्या झाल्या, ती माहेरी आलेली नाही.

अक्का त्या खुर्चीत पुन्हा बसली नाही. पुन्हा दोन माणसं, पुन्हा भिंतीकडं तोंड. खुर्ची चादरीखाली. मी मात्र दर महिन्याला जाऊन ती चार्ज करून ठेवायचो. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात अक्का म्हणाली, काढून टाक ते घरातनं. चिंताकीच्या एका मास्तरांना आईसाठी हवी होती. ते आले, बसून बघितलं, हाताशी असलेली चालवायची कांडी पुढं ढकलली. खुर्ची निघाली. अंगणात एक फेरी, दुसरी फेरी, कुठं अडली नाही.

"चांगली हाय की ओ अक्का," मास्तर म्हणाले. "बॅटरीबी वरिजनल दिसायलीय."

अक्का ओसरीवर टेकून बघत होती. मग माझ्याकडं न वळता म्हणाली, "बाळू, मग त्या दिवशी विमानवाल्यांनी न्हाई कामून म्हणलं रं?"

"कुणाला ठाऊक अक्का," मी म्हणालो, आणि खुर्ची टेम्पोत चढवायला मास्तरांबरोबर हात लावला.