पावसात काय पांघरायचं

बयाबाईच्या आणि माझ्या घरात भिंत एकच, तीही कुडाची. पलीकडं कुणी शिंकलं की अलीकडं माझ्या चुलीपाशी कळायचं. ती माझी थोरली चुलतजाऊ. तिच्या घरातलं भांडण ऐकायला मला कधी कान लावावा लागला नाही, आणि सगळ्यात जुनं जे आठवतं ते चाळीस वर्षांमागचं, श्रावणातल्या एका सकाळचं.

“त्ये घोंगडं नगा नेऊ. भिजलं की धोंड हुतीया नुसती. आदीच खोकताय रातध्याड.”

“माज्या बापानं ह्येच पांघरून देव केला.” हे सिद्धनाथ भावजी, तिचे मालक.

“तुमच्या बापाला खोकला न्हवता. म्या नसरापुरातनं मेणकापड आणलंय. हलकं हाय. ह्ये घ्या.”

“कागदात गुंडाळून जाऊ? म्या काय सुपारी हाय व्हय?”

“सुपारी असता तर बरं झालं असतं. गप तरी पडून ऱ्हायला असता!”

मी तोंडाला पदर लावून हसले होते. भावजीही हसलेच असावेत, कारण भांडण तिथंच मिटलं. थोड्या वेळानं दारातून बघितलं तर खांद्यावर पिवळ्या मेणकापडाची घडी टाकून ते देवाला निघाले होते.

आमची वाडी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला. अकरा घरं, सगळी धनगरांची. आजेसासऱ्यांच्या काळात गुरांत रोग शिरला आणि गोठेच्या गोठे मोकळे झाले. तेव्हा वाडीनं भीमाशंकराला बोलून ठेवलं की दर श्रावणात घरटी एक माणूस पायी येईल, तिथलं तीर्थ आणून गुरांवर शिंपडील. सहा मुक्काम चालायचं. येताना एसटीनं आलं तरी चालतं, पण जाताना चाकाला पाय लावायचा नाही. आणि चालायचं ते कुठून, तर मुळशीच्या अंगानं, जिथं श्रावणात पाऊस आडवा येतो.

त्या वर्षी दहा माणसं परत आली. अकरावे भावजी. शेवटच्या चढाला मेणकापडाच्या आत घामानं अंग निथळत होतं म्हणे. माथ्यावर वाऱ्यानं कापड उडवलं आणि ओल्या अंगाला गार हवा झोंबली. आधी हुडहुडी भरली. मग ती थांबली. भावजी म्हणाले, “आता मला गार वाटत न्हाई, वाईच बसतो.” सोबतच्यांना वाटलं, बरं झालं, उतार पडला. बसले ते बसलेच.

बयाबाईनं मेणकापडाचं नाव कधी काढलं नाही. मीही काढलं नाही. मी ऐकलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पण पुढच्या वर्षापासून तिनं एक सुरू केलं. देवाला निघणाऱ्या प्रत्येकाला चार दिवस आधी अंगणात बोलवायची. जे काय पांघरणार ते अंगावर घ्यायला लावायची, छत्री असो, रेनकोट असो, नाहीतर घोंगड्याची खोळ. मग डोक्यावर घागरभर पाणी. मग समोरची टेकडी तीनदा चढून उतरायची. मग वाऱ्याच्या तोंडाला धोंड्यावर बसायचं, आणि ती मागून कपड्यात हात घालून पाठ चाचपायची. पाठ कोरडी तर जा. ओली तर दुसरं काहीतरी आण.

आमच्या घरातून जाणारा माझा धाकटा दीर गेनू एकदा म्हणाला, “बाई, माज्या बायकूनं बी इतका पाटीवर हात फिरीवला न्हाई.”

“तिला घावंल तवा फिरीवंल! तुजी पाट सदा पाराला टेकलेली.”

माणसं हसायची. मी हसत नसे, कारण मला तिचा हात दिसायचा. पाठ कोरडी निघाली तरी ती तो पदराला पुसत राहायची. माणसं निघाली की सहा दिवस तिला घास जायचा नाही. वारा फिरला की हातातली भाकरी परातीत ठेवून दारात जाऊन उभी राहायची. काय बघायची कोण जाणे, दारातून सगळा धुरळाच दिसतो त्या दिवसांत, पावसाचा.

तिच्या घरातून तिचा मुलगा कुमार जायचा, घोंगडं घेऊन. काळं, राठ, तिच्या बापानं भोंगवलीहून दिलेलं. चिंचोक्याची खळ लावून असं ताठ केलेलं की भिंतीला उभं करावं. लोकरीतलं तेल जिवंत होतं. पाणी पडलं की मोती होऊन खाली घरंगळायचं.

चार वर्षांमागं कुमार वरव्याच्या कारखान्यातून येताना गाडीवरून पडला आणि पायात सळी घातली. तेव्हा त्याची लेक वर्षाराणी म्हणाली, “मी जाते.” वीस वर्षांची पोर, भोरच्या कॉलेजात. बयाबाईचं तोंड जे वाळलं ते वाळलंच.

“बाईमाणसानं जायला बंदी हाय का आजी?”

“बंदी न्हाई गं. पाऊस हाय.”

पोरीनं मोबाईलवरून एक निळा पोंचो मागवला होता. डोक्यातून घालायचा, खाली घोळदार. अंगणात परीक्षा झाली. घागर ओतली, एक थेंब आत नाही. पोरगी ऐटीत टेकडी चढली, उतरली, तीनदा. धोंड्यावर बसली. बयाबाईनं हात आत घातला आणि तसाच वर धरला. पाणी टपकत होतं.

“ह्यो घाम हाय आजी!”

“मरायला कुटलंबी पाणी चालतं,” बयाबाई म्हणाली. इतकं कडू ती पोरीशी कधी बोलली नव्हती. “ही निळी पिशवी घरात ठिव. माजं घोंगडं घिऊन जा.”

“किती जड आहे ते!”

“जड हाय म्हणून जित्ती येशील.”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मीही आजीच्या बाजूनं मान हलवली. पोंचो खुंटीला टांगला गेला. घोंगड्याची काही परीक्षा झाली नाही. देवाची कोण परीक्षा घेतं?

मग बयाबाई तीन दिवस भोंगवलीला गेली, भाच्याच्या मुलाचं बारसं होतं. आली ती निघायच्या आदल्या दिवशी, दिवस मावळताना. तोवर सुनेनं, मंगलनं, गाठोडं बांधून देवापुढं ठेवलं होतं. आमच्यात देवापुढं ठेवलेलं गाठोडं मग वाटेला लागेपर्यंत कुणी सोडत नाही. बयाबाईनं त्यावर हळदकुंकू वाहिलं. सकाळी अकरा माणसं गेली. पाऊस नव्हता, वर्षाराणीनं वळणावरून हात केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी उंबऱ्यात शेंगा फोडत होतो. बाहेर धार लागली होती. बयाबाई सारखी वर बघत होती, म्हणून मंगलनं धीर द्यायला म्हटलं, “आत्या, नगा काळजी करू. घोंगडं कसं कापसावानी केलंय म्या.”

“कापसावानी?”

“शेळी याली न्हवं का तवा पिल्लू त्यातच गुंडाळलं व्हतं. त्यो वास, त्यो इटाळ. तसलं देवाच्या दारात कसं न्यायचं? कडक पाण्यात पावडर टाकून दोनदा धुतलं, बडवलं. काय घाण निगाली म्हणता! धूप बी दावला.”

बयाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. कडक पाणी आणि पावडर म्हणजे खळ गेली, तेलही गेलं. आता ते घोंगडं नव्हतं, पाणी पिणारं फडकं होतं, आणि प्यालं की पोरीच्या डोक्यावर भरलेली घागर. बिचारी मंगल आमच्या तोंडाकडं बघत होती. तिचं माहेर खाली, मेंढरं नसलेल्या गावात. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

फोन लावला. वर्षाराणीचा बंद. गेनूचा नुसता टूं टूं. तोवर बयाबाई उठली होती. तिनं खुंटीचा निळा पोंचो काढला, माझ्या घरात शिरून आमच्या मालकांचं घोंगडं काढलं, विचारलं नाही. “रतने, चल.”

ज्ञानूचा दुधाचा टेम्पो खाली डेअरीवर उभा होता. त्यानं काही विचारायच्या आत ती पुढं बसली. “मुळशीकडं घे. तिसरा मुक्काम त्या अंगाला पडतो.”

“बाई, पाऊस बगा की! काच बी दिसंना.”

“म्हणूनच म्हनते, घे.”

वाटेत टेम्पोच्या टपावर पाऊस असा वाजत होता की बोलून उपयोग नव्हता. रस्त्यावर फांद्या पडलेल्या, ओढे रस्त्यावरून चाललेले. मी मनात माणसं मोजत होते, अकरा, अकरा, जणू मोजल्यानं अकराच राहतील. तास दोन तास गेले. मग एका चहाच्या टपरीच्या आडोशाला आमची माणसं दिसली. खेटून बसलेली. मी मोजली. दहा.

“वर्षा कुठाय?” मी विचारलं.

गेनू उठला. “मागं हाय की. घोंगडं जड झालं म्हणली, हळूहळू येते म्हणली. म्या धरू लागलो तर देईना. आजीनं दिलंय म्हणली.”

“किती येळ झाला?”

त्यानं तोंड खाली घातलं.

आम्ही आलो तो रस्ता वेगळा होता, म्हणून त्यांच्या वाटेला टेम्पो उलटा घातला. ती वाट मला अजून झोपेत दिसते. ज्ञानू टेम्पो माणसाच्या चालीनं चालवत होता, बयाबाई डावीकडं डोकं बाहेर काढून आणि मी मधून वाकून उजवीकडं बघत होतो. प्रत्येक काळा धोंडा मला बसलेलं माणूस वाटत होता. एकदा तर मी ओरडले, “ती बगा!” आणि ती म्हैस निघाली. ज्ञानू हसला नाही, म्हैसही हलली नाही.

जांभळीच्या बुंध्याला ती बसली होती. घोंगड्यातून पाणी ओघळत होतं. तोंड पांढरं, ओठ निळे.

“वर्षे!”

“आजी…” जीभ जड झाली होती तिची. “तू कशाला आलीस? मी बरी आहे. आता गार वाटत नाही मला.”

बयाबाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता, भिंतीपलीकडूनही नाही. पण हात थांबले नाहीत. ओलं घोंगडं ओढून फेकलं, ते चिखलात धप्पकन पडलं. आम्ही पोरीला उचलून टेम्पोत मागं दुधाच्या रिकाम्या क्यानांमध्ये नेली. ज्ञानूला म्हणाली, “तिकडं तोंड कर.” ओले कपडे काढले. कोरडं घोंगडं गुंडाळलं, त्यावर निळा पोंचो, की वारा लागू नये. मग स्वतः चोळी सोडून तिला उराशी घेऊन आत शिरली आणि मला म्हणाली, “मागून तू धर.” दोन म्हाताऱ्यांच्या मधे ती पोर. अंग मढ्यासारखं गार.

“झोपू देऊ नगंस. बोलत ऱ्हा.”

काय बोलायचं? मी तिला शेळीचं विचारलं, कॉलेजातल्या मास्तरचं विचारलं, तिच्या मैत्रिणी शेफालीचं लग्न कुठं ठरलं ते विचारलं. ती “हं” म्हणायची, नाहीतर म्हणायचीही नाही. प्रत्येक वेळी ती गप्प झाली की बयाबाई माझ्याकडं बघायची, आणि मी परत विचारायचे, “कुटं गं, पिरंगुटला दिली का?”

मधेच बयाबाई हळू म्हणाली, “रतने, त्यांनाबी म्याच दिलं व्हतं.”

“ठावं हाय मला.”

“कसं?”

“भिंत कुडाची हाय, बाई.”

तिनं पोरीला आणखी जवळ ओढलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मला आधी वाटलं टेम्पोच हादरतोय. पण टेम्पो उभा होता. पोर थरथरत होती. दात वाजायला लागले, कडाकडा, आणि ती रडून म्हणाली, “आजी, लई गार वाजतंय गं.”

“वाजू दे,” बयाबाई म्हणाली आणि रडायला लागली. “वाजू दे माजे आई. लई वाजू दे.”

मग टपरीवर आलो. गुळाचा चहा, घोटघोट. डॉक्टरला दाखवलं, त्यानं एक रात्र ठेवून घेतलं. सकाळी पोरगी म्हणते, मी परत जांभळीपासून चालत जाणार, नवस आपल्या घराचा आहे, सोबतचे थांबलेत. मी हात जोडले. बयाबाई बराच वेळ पोंचोच्या शिवणी चाचपत बसली. छत्तीस वर्षांनी मेणकापडाच्या जातीचं काही ती स्वतःच्या हातानं कुणाला देणार होती. मग म्हणाली, “आत रतनीचं घोंगडं. वर ही पिशवी, पर फकस्त पाऊस आला की. चढ लागला की पिशवी काढ, वारा लागला की घाल. आणि गेनू, एकटं कुणी मागं ऱ्हायलं तर तुजी पाट म्या सोलून काढीन.”

गेनू म्हणाला, “व्हय बाई.” या वेळी जोक केला नाही.

चौथ्या दिवशी ती तीर्थ घेऊन आली. ते चार दिवस बयाबाई कशी जगली ते मला माहीत आहे आणि भिंतीला.

मंगलला तिनं एका शब्दानं बोल लावला नाही. दसऱ्यानंतर तिला मेंढीजवळ बसवलं, लोकरीत बोटं घालायला लावली आणि म्हणाली, “बग, चिकाट लागतंय का? ह्येच धुयाचं न्हाई. चूक माजी, म्या सांगितलं न्हाई.” त्या दिवसापासून वाडीत दोन्ही चालतात, आत लोकर, वर प्लास्टिक. भीती काही गेली नाही तिची. फक्त आता ती माझ्याशी बोलून भ्यायची.

गेल्या आषाढात तिचं आटोपलं, दुपारच्या झोपेतच. आदल्या दिवशी ती नसरापूरला गेली होती. गेनूची सून पहिल्यांदा देवाला निघणार होती, तिला रेनकोट घ्यायचा होता. आता दरवर्षी कुणा ना कुणासाठी जायची तशीच सकाळची एसटी धरली. मीही होतेच. दुकानदारानं गुलाबी दाखवला, फुलांचा. बयाबाईनं तो उलटा केला, शिवण ओढून बघितली, बगलेत दोन बोटं घातली.

“हितं भोक न्हाई. वाफ कुठनं जाणार?”

“आजी, तसला महाग पडतो.”

“त्यो दाव.”

त्यानं दाखवला. राखाडी, बेढब, सुनेचं तोंड पडलं. बयाबाईनं तिला तो घालायला लावला, हात वर करायला लावले, खाली बसवलं, उभं केलं. गुडघ्याच्या खाली येतो का ते बघितलं. मग दुकानदाराला म्हणाली, “बांधून दे. आणि लांबडी नाडी दे, गळ्याला आखूड हाय.”