धमनीच्या फाट्यावरचा ठिपका

शहाडला आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. वडील कारखान्यात भट्टीवर. एकदा जेवताना म्हणाले, "उजव्या डोळ्यावर पडदा आला गं." पाच मिनिटांत गेलाही. आईने गुलाबपाणी घातलं, मी त्यांना चष्म्याच्या दुकानात नेलं. नवा चष्मा आला आणि पंधरा दिवसांत अर्धं अंग गेलं. वर्षभरात वडीलही गेले. तेव्हा मी बारावीला होते.

पुढे मी डोळे तपासण्याची पदवी घेतली. आमच्या घरातली पहिलीच. तिथे कळलं, मानेच्या धमनीत साचलेल्या चरबीचा कण सुटून डोळ्याच्या पडद्यात अडकतो, तेव्हा थोडा वेळ अंधारी येते. तसाच दुसरा कण मेंदूत जाऊ शकतो. डोळ्याच्या आतल्या फोटोत तो पिवळट ठिपक्यासारखा चमकतो. दिसतो फार थोड्या जणांत. उतारवय, बीपी, तंबाखू असली की शक्यता वाढते.

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणारी मुलगी घोडबंदर रोडची, डॉक्टरची लेक. दोन वर्षांत तिला तीन ठिपके सापडले, मला एकही नाही. आमचे डॉक्टर सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "नजर बघा हिची!" माझा जळफळाट व्हायचा. अडलं की ती वडिलांना फोन लावायची. ते मला सर्वांत जास्त टोचायचं. तिला फोन लावायला वडील होते.

कोपरीच्या विहारातल्या नेत्रतपासणी शिबिरात एक आजोबा सुनेबरोबर आले. डॉक्टरच्या लेकीने विचारलं, "बिडी, सिगारेट?"

"छे छे!"

तिने 'नाही' लिहिलं, फोटो काढला, 'ठीक' लिहून कागद माझ्याकडे सरकवला.

मी आजोबांची बोटं पाहिली. वडिलांसारखीच पिवळी. सुनेला म्हटलं, "ताई, तिकडे चहा देतायत, घेऊन या ना." ती गेल्यावर विचारलं, "बाबा, दिवसाला किती बंडल?"

ते ओशाळून हसले. "दीड. सुनेला नको सांगू हां, पोरी."

"डोळ्यापुढे कधी अंधार आलेला?"

"परवा आलेला ना. म्हटलं, नंबर वाढला असेल."

मी फोटो पुन्हा मोठा केला. धमनीच्या फाट्यावर ठिपका होता. खरं सांगते, आधी आनंद झाला तो तिच्या नजरेतून हुकला याचा. सरांना हाक मारली ती नंतर.

सरांनी त्यांना तिथूनच हॉस्पिटलला पाठवलं. मानेची धमनी तुंबलेली निघाली, ऑपरेशन झालं.

डॉक्टरची लेक म्हणाली, "अगं, मीपण विचारलेलं त्यांना."

"सुनेसमोर विचारलंस," मी म्हटलं.

आजोबा आज स्वतःच्या पायांनी तपासणीला येतात. तो ठिपका मी शोधला.