चारी बाजूंनी नंबर

तुमच्या गाडीचा नंबर तुमच्या आईला रस्त्याच्या पलीकडून वाचता येतो का? येत नसेल, तर आमच्या मावसाजींच्या लेखी तुम्ही चोर तरी आहात किंवा पुढाऱ्याचे भाचे. तिसरा प्रकार त्यांना मान्य नाही. अख्ख्या चिखली तालुक्यात प्रामाणिक माणूस एकच उरलाय आणि तो हाताने आकडे रंगवतो, असं त्यांचं ठाम मत आहे. त्या माणसाचं नाव ते विनयाने घेत नाहीत, इतकंच.

मावसाजी म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. बसस्टँडसमोर त्यांची नंबरप्लेट रंगवायची टपरी. गाडीचे कागद दाखवल्याशिवाय ते ब्रश उचलत नसत, मग समोर सख्खा व्याही का उभा असेना. प्लेट झाली की ती घेऊन ते टपरीत उभे राहत आणि समोरच्या चहाच्या हॉटेलातल्या कुणालाही हाक मारत, "ओ पाव्हणे, वाचा बरं हे!" पाहुणा आठ आणि तीनमध्ये जरा अडखळला की प्लेट पुसायची, पुन्हा पहिल्यापासून. एकदा तो पाहुणा चष्मा घरी विसरलेला निघाला आणि त्याच्यापायी एका ट्रॅक्टरची प्लेट तीनदा पुसली गेली. ट्रॅक्टरवाला दुपारपर्यंत रडकुंडीला आला होता. आकडे वाकवून 'दादा' असं दिसेल असा नंबर मागायला एका पुढाऱ्याचा भाचा आला, तेव्हा मावसाजी त्याला म्हणाले, "दादा तू घरी असशील. रस्त्यावर तू फकत नंबर हायेस." माझ्या मते समतेवर इतकं चांगलं वाक्य कुठल्याच पत्रकात छापलेलं नाही, आणि पत्रकं मी पाळण्यात असल्यापासून वाचतोय.

या समतावादी माणसाचा एकच लाड होता: सही. प्रत्येक प्लेटच्या खालच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी, शेपटी वर गेलेली सही. एका हवालदाराने त्यावर हरकत घेतली, तर मावसाजी भर चौकात त्याच्याशी भांडले. "मास्तर पोराच्या वहीवर सही करते का नाई? मंग मी काऊन नाई करू?" हवालदाराने पुढे स्वतःच्या मोटारसायकलची प्लेट त्यांच्याकडूनच करून घेतली, सहीसकट.

मग कारखान्यात ठोकून आलेल्या सरकारी प्लेटा सक्तीच्या झाल्या. पहिली प्लेट दिसली तेव्हा मावसाजी रस्ता ओलांडून गेले, तिकडून डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं आणि परत येऊन म्हणाले, "वाचता येते." एवढंच. त्यांच्या तोंडून याहून मोठी हार मी ऐकलेली नाही. त्यानंतर टपरी उघडी असे आणि ब्रश कोरडे.

अशात आमच्या गावातल्या शाळेच्या पोरींनी रोबोट बनवला. पुण्याला स्पर्धा होती. वर्गणीचं पत्रक मी लिहिलं. त्यात क्रांती चार वेळा आणि रोबोट एकदाच आला होता, तरी लोकांनी मदत केली. या स्पर्धेत रोबोट एकमेकांना बिनधास्त धडका देतात, म्हणून त्यांच्या भोवती बम्पर लावतात: लाकडी पट्टी, वर फोम, वर ताणून बसवलेलं कापड. त्या कापडावर चारी बाजूंनी संघाचा पांढरा नंबर हवा, नाहीतर मैदानात प्रवेश नाही. पोरींनी चिकटवलेले आकडे सरावाच्या पहिल्याच धडकेत गळून पडले. मी त्यांना आणि रोबोटला घेऊन मावसाजींकडे गेलो.

मावसाजींनी रोबोटभोवती एक फेरी मारली. "हिचे कागद?"

"काका, याले कागद नसतात," संघाची कप्तान प्रज्ञा म्हणाली.

"मंग नंबर कोनं देल्ला?"

तिने स्पर्धेच्या नोंदणीचा छापील कागद काढला. मावसाजींनी तो उलटसुलट वाचला, इंग्रजी येत असल्यासारखं. "बरं. समोरून कोन्ती बाजू?"

"समोर-मागं असं नाई काका. हे चहूकडे पळते."

मावसाजी एकदम खूश झाले. "वा रे वा! अन् कापड दोन रंगाचं काऊन?"

"एका सामन्यात लाल गटात, दुसऱ्यात निळ्या. जसा गट तसं कापड बदलायचं."

"सामन्यागनिक रंग बदलते?" मावसाजी माझ्याकडे वळले. "काऊन बे, हे पुन्याले कायले धाडता? सीध्धं विधानसभेत धाडा ना!"

पण हात कामाला लागला होता. मोर्च्यांचे कापडी फलक त्यांनी उमेदीत ढिगाने रंगवले होते. ऑइल पेंट कापडावर तडकतो हे त्यांना कुणी शिकवायला नको. कापडाचा रंग आणवला, दोन दिवस आकडे रेखले, वाळल्यावर एक बम्पर हातगाडीच्या तोंडाला बांधून बसस्टँडच्या भिंतीवर सहा वेळा आदळला. भिंतीचा पोपडा पडला. आकडा जागचा हलला नाही. लाल कापडाच्या चार बाजू, निळ्याच्या चार. प्रत्येक आकड्याखाली कोपऱ्यात सही. कितीतरी महिन्यांनी केलेल्या सह्या. मग डागडुजीला म्हणून रंगाच्या डब्या घेऊन ते आमच्याबरोबर पुण्याला निघाले. जीपमध्ये बम्पर मांडीवर घेऊन बसले होते.

तिथे तपासणीला फूटपट्टी घेऊन एक तरुण होता. त्याने उंची मोजली, जाडी मोजली, मान हलवली. मग वाकला. "हे कोपऱ्यात काय आहे? बम्परवर नंबराशिवाय काहीही चालत नाही. काढा, नाहीतर हा सामना सोडा."

मागे रांग होती, सामन्याला वेळ थोडा. मी पुढे सरसावलो. श्रम, कला आणि श्रेय यांवर माझी तीन वाक्यं कायम तयार असतात. पहिलं अर्धं झालं असेल.

"चूप बस बे," मावसाजी म्हणाले. "पोरींची बारी आली हाय."

ते जमिनीवर बसले. लाल डबी उघडली, बारीक ब्रश घेतला आणि एकेक सही झाकत गेले. हवालदाराला न जुमानणारा माणूस. चार झाल्या, मग निळी डबी.

"काका, एक तरी राहू द्या ना," प्रज्ञा म्हणाली. ती त्यांच्या हातावर वाकली होती.

"नाई माय. गाडी तुमची हाय, नंबर तुमचा हाय. सरक, उजेड येऊ दे."

रोबोट खेळला. दोन सामने हरला, एक जिंकला. मावसाजी पार वरच्या पायरीवर बसून, रोबोटची जी बाजू समोर येईल तिच्यावरचा नंबर मोठ्याने वाचत होते आणि शेजारच्या अनोळखी पुणेकरांनाही वाचायला लावत होते.

त्यानंतर त्यांना थोडीफार कामं मिळतात. कुणाचा घरक्रमांक, कुणाची पाण्याची टाकी. पण सही ते करत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "नंबर वाचता येते ना? मंग झालं." आणि ब्रश धूत बसले, स्वच्छ होता तरी.

माझी तीन वाक्यं इथे उपयोगाची नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतोय. चिखलीला याल तेव्हा काहीतरी घेऊन त्या टपरीवर जा. दाराची पाटी, शाळेचा बाक, काहीही. आकडे होईपर्यंत थांबा. ते ब्रश खाली ठेवतील, तेव्हा तो उचलून पुन्हा त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "मावसाजी, सही राह्यली."