तात्यांची कणगी

तात्या एका बोटाने टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायचे. पोरं हसायची, पण तात्यांच्या लिहिण्यात चूक निघायची नाही. वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत ते शिपाई होते. मी भोरहून कॉम्प्युटर शिकवायला यायचे. लॅब मात्र चालवायचे तेच.

भातलावणीत निम्मे वर्ग रिकामे असायचे. तात्या मागच्या बाकावर बसून मोबाईलवर तास चित्रित करायचे आणि लॅबमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर साठवायचे. मोबाईलमध्ये जागा नसे, म्हणून तिथून पुसून टाकायचे. त्या कॉम्प्युटरचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘कणगी’, धान्य साठवायची असते तशी. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये होस्ट्स नावाची एक छोटी फाईल असते. बाकीच्या बाराही कॉम्प्युटरांच्या त्या फाईलमध्ये त्यांनी कणगीचं नाव आणि तिचा आकडी पत्ता लिहिला होता. ब्राउझरमध्ये नाव टाकलं की पोरांना बुडालेले तास बघता यायचे. “आकडं ध्यानात ऱ्हात न्हाईत मॅडम, नाव ऱ्हातं,” ते म्हणायचे.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला असताना शाळेत नवं इंटरनेट आलं आणि कणगी उघडेनाशी झाली.

“म्या लिवलंय ते हितं हाय की. मग ह्यो मानत का न्हाई?” तात्या फाईल दाखवून म्हणाले.

मी स्पेलिंग तपासलं, फाईल नव्याने लिहिली, सगळे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केले. नावाऐवजी थेट आकडे टाकले, तरी तेच. रोज शाळा सुटल्यावर आम्ही दोघं तिथंच.

एकदा तात्या म्हणाले, “मॅडम, हुकूम टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत नावानं हाक मारली तर कणगी ओ देती. ब्राउझरातच देत न्हाई.”

“तात्या, त्याचा काही संबंध नाही. मशीनच म्हातारं झालंय,” मी वैतागून म्हटलं.

मुख्याध्यापकांनी महिनाभर वाट पाहिली. निरोपसमारंभाच्या दिवशीच भंगाराचा टेम्पो आला. शाल-नारळ टेबलावर ठेवून तात्यांनीच कणगी उचलली आणि टेम्पोत नेऊन ठेवली. उचलठेव त्यांचंच काम होतं. मी दारात उभी होते.

दोन महिन्यांनी नव्या प्रिंटरचं पान ब्राउझरमध्ये उघडेना, म्हणून मी त्याच्या सेटिंग्ज चाळत होते. नवं इंटरनेट बसवणाऱ्यांनी तिथं सांगून ठेवलं होतं, कुठलंही नाव वा पत्ता आला की आमच्या कंपनीच्या मशीनकडे पाठव. बाहेरच्या त्या मशीनला आमची कणगी कुठून ठाऊक असणार? नवं इंटरनेट आल्यापासून तात्यांची फाईल ब्राउझरने उघडलीच नव्हती. ‘शाळेतले पत्ते बाहेर पाठवू नको’ अशा अर्थाच्या एका चौकटीत टिचकी मारायची होती, एवढंच.

विंझरला त्यांच्या घरी फोन लावला. “तात्या, तुमचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही.”

तात्या म्हणाले, “हेडसरांना सांगू नका मॅडम. टेम्पो त्यांनी बोलावला व्हता. उगं मनाला लावून घेतील.”

मी अजून सांगितलेलं नाही.