बायकोचं राहिलेलं बोलणं

मी चौथी शिकलो. त्यामुळे लेक नागपूरला विद्यापीठात इंग्रजीचं एम.ए. करते म्हणजे नेमकं काय करते, ते मला सांगता येत नव्हतं. त्यात भाषाशास्त्राचा एक पेपर होता. घरातल्या जुन्या माणसाचं बोलणं फोनमध्ये भरायचं, ऐकून लिहून काढायचं आणि त्यावर इंग्रजीत निबंध द्यायचा. तिनं आईचं बोलणं घेतलं. मला विचारलंही नाही. बरोबरच केलं. घरात बोलायची तीच.

काम अर्धं झालं आणि बायको गेली. पुण्यानुमोदन आटोपलं, पाहुणे गेले, पण पोरगी काही होस्टेलवर जाईना. माझ्या चहा-जेवणाचं बघत बसली. "पुढच्या वर्षी पाहू," म्हणाली. असं म्हणून घरी राहिलेल्या पोरी मी गावात पुष्कळ पाहिल्यात. त्यांचं पुढचं वर्ष काही आलं नाही.

"उरलेलं माझं घे," मी म्हणालो.

इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर बसलो. तिनं फोन समोर ठेवला तसा मी सुरू झालो, "माझा जन्म एका गरीब कुटुंबात झाला..."

तिनं फोन बंद केला. "बाबा, तहसीलदारासमोर बसले का तुम्ही? आईशी बोलत होते तसं बोला ना."

तिनं फोन पुन्हा चालू केला आणि माझं डोकंच फिरलं.

"तुह्या मायशी मी बोललोच कुठं? ते बोले अन् मी नुसता हूं म्हणो. आता तू बी माह्यासाठी घरात बसून राह्यली. काऊन? मी काय लहान लेकरू आहो? तिनं लोकायच्या वावरात निंदण केलं, ते तुले शिकवाले. माह्या भाकरी थापाले नाई. जाय तू!"

एवढं एका दमात मी वर्षभरात बोललो नसेन. पोरगी रडत होती. फोन चालूच होता.

"पूस ते," मी म्हणालो.

"नाई पुसत."

दोन दिवस कानात वायर घालून तिनं ते वहीत उतरवलं. एकेक शब्द चार-चार वेळा ऐकायची. मधेच विचारलं, "बाबा, आईला तुम्ही म्हणत होते तो हूं लांब होता की आखूड?"

"तुह्या मायले माहीत होतं. ऐकत तेच होती."

तिनं तेही वहीत लिहून घेतलं. मग वही मिटून म्हणाली, "सर वाचतील हे सगळं. चालेल?"

"वाचू दे. पण तिच्या बोलण्याच्या मागं लावजो. पुढं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बॅग भरली. मी नागपूरच्या गाडीसाठी समुद्रपूरच्या स्टँडपर्यंत सोबत गेलो.